उजवीकडचा ड्रायव्हर

नगर
ता. १२ ऑगस्ट १९७३

ती. भुजंगकाका यांस,
तातेराव संपत हिवाळे याचा स. न. वि. वि.

फार दिवसांनी पत्र लिहितो आहे. तुम्ही म्हणाल, काम निघालं तेव्हा काका आठवला. खरंच कामच निघालं आहे.

मी इथं फाउंड्रीत पॅटर्नमेकर आहे, म्हणजे जी वस्तू ओतायची तिची आधी लाकडात हुबेहूब प्रत करणारा. आमच्या कारखान्यामागं एक निवृत्त कर्नलसाहेब राहतात. ते रोज संध्याकाळी पिंगपाँगच्या टेबलावर लढाई खेळतात. हसू नका. टेबलावर वाळू पसरायची, शिशाचे रणगाडे मांडायचे, फूटपट्टीनं मोजून पुढं सरकवायचे आणि फासा टाकून कोण मेलं ते ठरवायचं. विलायतेत असे खेळणारे पुष्कळ आहेत म्हणे, नियमांची छापील पुस्तकं निघतात. एक नियम मला गमतीचा वाटला. लांबून गाडी दिसली की लगेच गोळी झाडायची नाही. आधी फासा टाकायचा. चारच्या वर पडला तर ओळखली, आपली का त्यांची. कमी पडला तर ओळख पटली नाही.

साहेबांना जर्मनांची एक गाडी हवी आहे. लढाईच्या सुरुवातीची, हलकी, चार चाकांची, चिलखती. सगळ्या फौजेच्या पुढं जाऊन टेहळणी करून यायची. आगपेटीहून जराशी लांब, अशा बारा करायच्या आहेत. साहेबांच्या पुस्तकात एकच फोटो आहे, तोही धुरकट. ते म्हणाले, ही गाडी जवळून पाहिलेला माणूस मिळाला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, असा माणूस जुन्या जालन्यात राहतो. आणि ज्या माणसाला त्या गाडीनं मारलं, तो माझा बाप.

काका, बाचा किस्सा मला तोंडपाठ आहे. तुमची लॉरी आफ्रिकेच्या वाळवंटात बंद पडली. बाकीचा काफिला पुढं गेला, तुम्ही दोघंच राहिलात. धुळीतून गाडी आली. बाला वाटलं आपलीच आहे. तो उठून उभा राहिला, दोन्ही हात वर करून हलवायला लागला आणि जर्मनांनी त्याला जागच्या जागी उडवला. मी पोटात होतो तेव्हा. आपल्या धावड्याच्या शाळेत गुरुजी कोणाला चूक दाखवताना म्हणायचे, "संपतचा हात करू नको." सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचो, कळत नव्हतं तोवर.

आता गावात २६ जानेवारीला चावडीपुढं दगड बसणार आहे, लढाईवर जाऊन आलेल्यांच्या आणि तिथं पडलेल्यांच्या नावांचा. पहिलं नाव तुमचं. बाचं नाव यादीत नाही. सत्यशीलाअक्का विचारायला गेली तर सरपंच साहेबराव म्हणाले, "बाई, लढणाऱ्यांची नावं हायेत ती, हात हलवणाऱ्यांची न्हाईत." माय त्या दिवशी जेवली नाही. तुम्ही एक शब्द टाकलात तर नाव लागेल. तेवढं करा.

आणि गाडी कशी होती ते सविस्तर लिहा.

तुमचा,
तातेराव


जुना जालना
ता. २८ ऑगस्ट १९७३, पोळा

चि. तातेराव यास भुजंग बोराडे याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. वाचून छाती फुगली. जालन्याला शिकत होतास तेव्हा माझ्या ओसरीत झोपणारं पोरगं आज कर्नलला शिकवून राहिलंय! तुझा बाप असता तर त्यानं गावभर सांगितलं असतं.

आज पोळा. गेल्या साली दुष्काळात लोकांनी बैल विकले, त्यामुळं यंदा मोंढ्याकडल्या गल्लीत खऱ्यापेक्षा मातीचेच बैल जास्त. नातवंडांसाठी काळी माती आणली होती. बैल करता करता तुझं पत्र आठवलं, मग म्हटलं लिहिण्यापेक्षा करूनच दाखवू. दोन दिवस खपून गाडी केली, सावलीत वाळवली. भुशात घालून नगरच्या ट्रकवर देतो आहे. ड्रायव्हर माझ्या हाताखाली शिकलेला आहे, फोडणार नाही.

आता समजून घे. पुढं लांब बॉनेट, नाक बोथट. त्या दिवशी बॉनेटमधून वाफ निघत होती, एवढी गाडी तापली होती. मधे लोखंडाचं डबडं, त्यावर गोल फिरणारं दुसरं डबडं, वरून उघडं. त्यातून मशीनगनची नळी. मागं दोन पाखांचं दार, आपल्या कपाटासारखं. पत्र्यावर रिबिटं, मी टाचणीनं टोचून दाखवली आहेत. ड्रायव्हरची फट उजवीकडं. त्या फटीतून मला त्याचे डोळे दिसले होते, म्हणून मी एक मुंडकंही बसवलं आहे. चाकं चार, टायर रुंद, आणि मडगार्डवर फावडं बांधलेलं.

मी तीस वर्षं स्टिअरिंग धरलं बेटा. लग्नात बायकोनं कोणतं लुगडं नेसलं होतं विचार, याद नाही. पण एकदा पाहिलेली गाडी मी विसरत नाही.

दगडाचं म्हणशील तर साहेबराव माझं ऐकतो, पण गावाच्या कामात मी तोंड घालणं बराबर दिसत नाही. बघू. तुझ्या मायला, केशरबाईला सांग, ज्वारीचं पोतं नेहमीप्रमाणं संक्रांतीला पोचेल.

तुझा,
भुजंगकाका


नगर
ता. १६ सप्टेंबर १९७३

ती. भुजंगकाकांस स. न. वि. वि.

गाडी सुखरूप आली. फक्त फावड्याचा दांडा मोडला, तो मी काडी लावून जोडला. कारखान्यातली माणसं बघायला आली होती. मातीत एवढं बारीक काम मला जमणार नाही, हे मी सगळ्यांसमोर कबूल केलं.

पण एक घोटाळा झाला आहे. त्याच आठवड्यात साहेबांना विलायतेहून त्या गाडीचे नकाशे आले. समोरून, मागून, वरून, सगळे. तुमची गाडी त्याच्याशी जुळत नाही. जर्मन गाडीचं इंजिन मागं आहे. पुढं बॉनेटच नाही, नाक उतरतं आणि टोकदार. दार मागं नाही, बाजूला आहे, लहानसं. वरच्या डबड्यावर जाळीचं झाकण आहे, हातगोळा आत पडू नये म्हणून. आणि ड्रायव्हर डावीकडं बसतो. त्यांच्या देशात रस्त्याची बाजूच उलटी.

साहेब हसून म्हणाले, म्हातारा माणूस, एकतीस वर्षं झाली, आणि मरण समोर असताना कोण दारं मोजतं? मलाही तसंच वाटतं. तरी शांतपणे पुन्हा आठवून बघा. जाळी होती का? माझं काम नकाशावर होऊन जाईल. पण बाला मारणारी गाडी माझ्या हातून चुकीची व्हायला नको, एवढंच.

दगडाचं विसरू नका.

तुमचा,
तातेराव


जुना जालना
ता. ३० सप्टेंबर १९७३

चि. तातेराव यास आशीर्वाद.

तुझ्या कर्नलला सांग, भुजंग बोराड्याला गाडी शिकवू नको. त्यानं आयुष्यभर जीपमध्ये मागच्या सीटवर बसून प्रवास केला असेल. मी बॉनेट उघडून गाड्या जगवल्या आहेत.

जाळी बिलकुल नव्हती. इंजिन पुढंच होतं. रेडिएटर फुटायला आला होता आणि त्यातून शिटी वाजत होती, मी कानानं ऐकली. इंजिन मागं असतं तर वाफ नाकातून कशी निघाली असती? मागचं दार मी उघडताना पाहिलं. आधी डावं पाख उघडलं, मग उजवं. उजव्याची बिजागरी ढिली होती, ते खाली लोंबत होतं. ड्रायव्हर उजवीकडं होता म्हणजे होता. मी त्याच्या समोर उभा होतो. भुऱ्या मिशीवाला, नाकाची कातडी सोलपटलेली. पुस्तकं छापणारे घरात बसून छापतात, त्यांचं गलत असेल.

आणि एक सांगतो, राग मानू नको. दगडावरच्या नावासाठी एवढं ताणू नको. नाव लागलं तर लोक पुन्हा तो किस्सा काढतील, पुन्हा हसतील. तुझ्या मायला त्याचाच त्रास होईल. तू तुझं काम कर, खेळणी कर, खुशाल राहा.

भुजंगकाका


नगर
ता. १४ ऑक्टोबर १९७३

भुजंगकाका,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी हसलो. दुसऱ्या वेळी एका जागी अडकलो. तुम्ही त्या गाडीचं मागचं दार उघडताना पाहिलंत. ड्रायव्हरची मिशी पाहिलीत, त्याच्या नाकाची सोललेली कातडी पाहिलीत. जर्मनांनी बाला मारलं आणि ते पुढं निघून गेले, असं तुम्ही आजवर सांगत आलात. मग दार कोणासाठी उघडलं? जर्मन माणूस तुमच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं तुम्हाला ना गोळी घातली ना पकडून नेलं?

काल संध्याकाळी मातीची गाडी घेऊन मी साहेबांकडं गेलो. म्हटलं, साहेब, ही जर्मन नसेल तर कोणती आहे? त्यांनी ती हातात फिरवली. मग कपाट उघडून दुसरा खोका काढला. त्यातली एक शिशाची गाडी टेबलावर माझ्या गाडीशेजारी ठेवली. लांब बॉनेट. वरून उघडं डबडं. मागं दोन पाखांचं दार. ड्रायव्हर उजवीकडं.

ती आपल्या फौजेची गाडी होती, काका. त्या वाळवंटात आपल्याच पलटणींना टेहळणीसाठी दिलेली.  साहेबांनी माझ्यासाठी चहा करायला सांगितला, आणि मी तो न पिता निघून आलो.

म्हणजे बा बरोबर होता. त्यानं गाडी ओळखली होती. आपली आहे म्हणून तो उभा राहिला, आणि ती आपलीच होती. मग आपल्याच गाडीनं दोन्ही हात वर केलेल्या माणसावर मशीनगन का चालवली?

उत्तर पाठवा. तुमच्याशिवाय ते कोणाकडंच नाही.

तातेराव


(पोस्टकार्ड)

नगर
ता. २ डिसेंबर १९७३

श्री. भुजंगराव बोराडे यांस,

दीड महिना झाला, तुमचं उत्तर नाही. हे मुद्दाम उघड्या कार्डावर लिहितो आहे. पोस्टमनपासून तुमच्या सुनेपर्यंत ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. संपत हिवाळेवर गोळी झाडणारी गाडी जर्मन नव्हती, आणि हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पुढचं कार्ड धावड्याच्या चावडीच्या पत्त्यावर टाकीन.

तातेराव संपत हिवाळे


जुना जालना
ता. ११ डिसेंबर १९७३

चि. तातेराव यास,

कार्ड सुनेनंच वाचून दाखवलं. वाचताना तिचा आवाज हळू झाला. मग तिनं ते माझ्या उशाशी ठेवलं आणि आत गेली. दोन महिने मी अंथरूण धरून आहे, दम लागतो. पण उत्तर न पाठवण्याचं कारण ते नाही. कारण हिंमत नव्हती.

आता लिहितो ते एका दमात लिहितो, मधे थांबलो तर राहून जाईल.

तुझा बाप खड्डे खणणाऱ्या, रस्ते करणाऱ्या पलटणीत होता. त्यांना बंदुका नव्हत्या. माझ्या लॉरीत त्यांची वीस माणसं होती. इंजिनाचा पट्टा तुटला, तेव्हा माणसं दुसऱ्या लॉऱ्यांत गेली. संपत माझ्यासाठी मागं राहिला. गावचा माणूस एकटा कसा सोडायचा, म्हणाला. बंदूक एकच होती, माझी.

दुपारी धूळ दिसली. मी म्हणालो, जर्मन आले. मी चाकामागं आडवा पडून बंदूक रोखली. संपतनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाला, "भुजंगराव, आपली हाय. परवा वाळूत रुतली व्हती तवा दोर लावून म्याच वढली. मागल्या दाराची बिजागरी ढिली हाय बगा तिची." त्यानं ती गाडी खालून, वरून, चारी बाजूंनी पाहिलेली होती. ढकलणाऱ्याला गाडी जेवढी ठाऊक असते तेवढी चालवणाऱ्यालाही नसते. तो उठला, दोन्ही हात वर केले, आणि मला म्हणाला, "थांबा, झाडू नगा."

मी झाडली.

खरं सांगतो, ठरवून नाही. पण चुकून झाली असंही म्हणत नाही. महाराचं ऐकून मरायचं का, असं त्या क्षणाला माझ्या मनात आलं. ते आलं होतं हे मी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. गोळी पत्र्याला लागली, टण्ण झालं. वरचं डबडं फिरलं. मी चाकामागं पडलेला होतो. संपत उभा होता, कारण गोळी झाडू नका हे आता त्याला दोन्हीकडं सांगायचं होतं. एकदा त्यानं माझ्याकडं वळून पाहिलं. मग ते झालं.

गाडी आली, दार उघडलं, गोरा सार्जंट उतरला. त्यानं संपतला पाहिलं, मला पाहिलं, माझ्या बंदुकीची नळी हातानं चाचपली. ती गरम होती. ड्रायव्हर खाली बसून ओकला. सार्जंट मला म्हणाला, "जर्मन गाडी. समझा? जर्मन." मी म्हणालो, "जी साहब." आम्ही तिघांनी मिळून त्याला वाळूत पुरलं. माझ्या हातात त्या मडगार्डवरचंच फावडं होतं.

गावी आलो, तर केशरबाईनं एकच विचारलं, तो उभा का राहिला? मी म्हणालो, त्याला वाटलं आपली गाडी आहे. यात एक अक्षर खोटं नव्हतं. लोकांनी चावडीवर सांगायला लावलं. कोणीतरी हसलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा जास्त हसले. तिसऱ्यांदा मी उठून उभा राहिलो आणि त्याच्यासारखे हात हलवून दाखवले. हो, ते हात मी गावाला शिकवले. माझं नाव फौजी पडलं आणि त्याच्या नावाचं हसं झालं.

दर साली पोतं पाठवत होतो. त्यानं काही फिटत नाही हे मला कळत होतं. तुला शिकायला ओसरी दिली, पण उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तुझा चेहरा त्याच्यावर गेला होता, हे मी मनाला सांगायचो. खरं कारण काय ते तुलाही कळतं.

तू विचारशील, मग मातीची गाडी खरी का केली? खोटी करता आली असती. जर्मन गाड्या मी नंतर पाहिल्या होत्या, जळालेल्या, रस्त्याकडेला पडलेल्या. पण हातात माती घेतली आणि तीच गाडी झाली. माणसाबद्दल मी एकतीस वर्षं खोटं बोललो. गाडीबद्दल मला खोटं करता येईना.

हे पत्र तू ठेव. मी गेल्यावर दाखव. त्याआधी नको, एवढी भीक घाल.

भुजंग


नगर
ता. २५ डिसेंबर १९७३

भुजंगराव,

भीक घालायची माझी ऐपत नाही. घालायचीच तर मायनं घालावी, आणि तिला अजून काही ठाऊक नाही.

बारा गाड्या करून दिल्या. जर्मनांच्या. साहेब खूष आहेत. परवा मला खेळ बघायला बसवलं. त्यांनी फासा टाकला, एक पडला. ओळख पटली नाही. तरीही त्यांनी गोळी झाडली, आणि ती निघाली त्यांचीच गाडी. मी विचारलं, आता पुढं काय? त्यांनी पुस्तक चाळलं. नियम असा आहे की तो तुकडा टेबलावरून उचलावा आणि खेळ चालू ठेवावा. माझ्यादेखत त्यांनी तो उचलला, आणि त्यांना एकदम काय आठवलं कोण जाणे, मला म्हणाले, आज पुरे.

तुम्हीही माझ्या बाला असंच उचलून बाजूला ठेवलंत आणि खेळ चालू ठेवलात. वर त्याची नक्कल केलीत. गोळीचं मी एकवेळ समजू शकेन. भीती कोणाला वाटत नाही? पण ते हात हलवणं मी समजून घेणार नाही. माय पाणी आणायला जाताना पोरं मागून हात हलवायची. तिनं वाट बदलली, लांबच्या आडावर जायला लागली. तेवढं लांब पाणी तिनं किती वर्षं वाहिलं ते तुम्ही मोजा.

मेल्यावर दाखव म्हणता. मेल्यावर तुम्हाला कोण हसणार? २६ जानेवारीला तुमच्या हातानं दगडावरचं कापड निघणार आहे. सगळं गाव असेल. त्या दिवशी उभं राहून, जे मला लिहिलंत ते तोंडानं सांगा. चावडीवर केलेलं चावडीवर फेडा. तुम्ही आला नाहीत तर हे पत्र मी स्वतः वाचून दाखवीन. आलात तर मी येणार नाही. तुमच्या तोंडाकडं बघत बसायची माझी इच्छा नाही.

जय भीम.

तातेराव संपत हिवाळे


जुना जालना
ता. ६ जानेवारी १९७४

चि. तातेराव,

येतो. मुलगा नको म्हणतो, डॉक्टर नको म्हणतात. तरी ट्रकमध्ये गादी टाकून येतो. सगळं सांगतो.

या खेपेस पोतं पाठवू का नको, कळेना. सवयीनं पाठवलं.

भुजंग


धावडा, ता. भोकरदन
ता. १० फेब्रुवारी १९७४

चि. तातेराव,

माय सांगते आहे आणि मी, तुझी अक्का, लिहिते आहे. ती म्हणते, मी बोलले तसंच लिही, तुझं शाळेतलं घालू नको. म्हणून तसंच लिहिते.

"बाळा, जय भीम. तुजं पत्र अन् तू संगट धाडलेलं त्याचं पत्र अक्कानं मला दगडाच्या आदल्या राती वाचून दावलं. मी रडले न्हाई. मला एकच वाटलं, त्यो शेवटाला काय म्हनला ते मला आज कळलं. थांबा, झाडू नगा. एकतीस वर्सं मला वाटत व्हतं, त्यो काय बोललाच न्हाई.

भुजंग आल्ता. दोगांनी धरून उतरवला. छातीला दोन बिल्ले. कापड काडलं, टाळ्या झाल्या, मंग त्याला भोंग्यापुडं उभा केला. त्यो बोलला, बाळा. खोटं कशाला सांगू? समदं बोलला. गोळी म्या झाडली, गाडी आपली व्हती, संपत बराबर व्हता, म्या भ्यालो. हात हलवून दावायचो त्ये पाप माजं, म्हनला. बोलता बोलता त्याला दम लागला, डोळ्याला पानी लागलं. समदं गाव ऐकत व्हतं. मला वाटलं, झालं. आता फिटलं.

मंग साहेबराव उठला. भोंगा हातात घेतला अन् म्हनला, 'बगा मंडळी, याला म्हनतात मोठं मन! एका गरिबाच्या नावाला दगडावर जागा मिळावी म्हनून भुजंगरावांनी सोताच्या डोक्यावर पाप घेतलं! असा मानूस आपल्या गावात हाय!' टाळ्याच टाळ्या. मानसं उठून उभी राह्यली. भुजंग न्हाई न्हाई म्हनत व्हता, खरं बोलून राह्यलो म्हनत व्हता, तर लोक म्हनले, बगा, मोठेपना बी घेईना. हार घातला त्याच्या गळ्यात. त्यो हारात तोंड घालून रडला, तर त्याच्या बी टाळ्या.

मंग म्या उठले. आजवर चावडीपुडं म्या कधी उभी राह्यले न्हाई. दोनी हात वर केले. थांबा म्हनले. त्यो खरं बोलून राह्यला, थांबा. भोंगा वाजत व्हता, कोनाला ऐकू गेलं न्हाई. लोकांना वाटलं, म्हातारी खूष झाली. त्यांनी बी माज्याकडं बगून हात हलवले.

तुज्या बाचं नाव दुसऱ्या दिशी कोरलं. समद्यांच्या खाली. भुजंगरावांच्या शब्दाखातर म्हनून.

पोतं आलं व्हतं. म्या त्याच ट्रकवर वापस घातलं. त्याला सांग, तू बोललास त्ये मला पोचलं. बाकी कोनाला पोचलं न्हाई, त्याला तू काय करशील अन् म्या काय करीन."

मायचं संपलं. ती आता बाहेर उन्हात बसली आहे. पुढचं माझं.

तातेराव, भोकरदनचा फोटोवाला आला होता. काल फोटो आले. एका फोटोत माय आहे, एकटी, दोन्ही हात वर. तो मोठा करून शाळेत लावायचं ठरलं आहे, दगडाच्या समारंभाची आठवण म्हणून. साहेबरावांनी फोटोखाली लिहायचा मजकूर चिठ्ठीवर पाठवला आहे. "गावाचे आभार मानताना श्रीमती केशरबाई." शाळेतल्या शिक्षकांत माझं अक्षर सगळ्यांत चांगलं, म्हणून ते काम माझ्याकडं आलं.

मी पांढरा पुठ्ठा कापला, रूळ मारला, बोरूनं ओळ लिहिली. "थांबा म्हणताना केशरबाई संपत हिवाळे."

शाई अजून ओली आहे. सोमवारी शाळा उघडायच्या आत मी तो भिंतीवर लावणार आहे. काढायचा तर त्यांनी सगळ्या पोरांसमोर काढावा.

तुझी,
सत्यशीलाअक्का